नाडीपूर्वी भ्रमणध्वनी



जिंतूर-जालना मार्गावरील आमच्या चारठाणा गावी गेली अनेक वर्षे मी दवाखाना चालवीत आहे. पूर्वी रुग्ण येऊन बसला की न सांगता मनगट पुढे करीत असे. हल्ली तो प्रथम भ्रमणध्वनी पुढे करतो. त्यावर एखादी चित्रफीत असते, किंवा कोणा अज्ञात हितचिंतकाने पाठविलेला निरोप असतो, आणि प्रश्न ठरलेला : "डॉक्टरसाहेब, हे घेतलं तर चालंल का?" नाडीपरीक्षेच्या आधी ही भ्रमणध्वनिपरीक्षा आता आमच्या नित्यकर्मात आली आहे. ज्या वैद्याला त्या चौकोनी काचेत काय काय चालते याची कल्पना नाही, त्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. तो चिडतो किंवा हसण्यावारी नेतो, आणि रुग्ण मान हलवून घरी जातो व जे घ्यायचे ते घेतोच. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. मी या विषयातील तज्ज्ञ नाही. वापरता वापरता जे हाती लागले, जे उपयोगी ठरले, जे नुसतेच मौजेचे निघाले आणि ज्याने मला तोंडघशी पाडले, तेवढेच येथे मांडतो.

नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शिकत असताना एखादा शब्द संहितेत नेमका कोठे कोठे आला आहे हे शोधायचे म्हणजे ग्रंथालयात दुपार घालवावी लागे. सूची असे, पण ती प्रत्येक आवृत्तीत असेलच याचा भरवसा नसे. आज हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान वारसा संस्थेने चरक, सुश्रुत व माधवनिदान यांचे संपूर्ण मूळ पाठ आणि निघंटूंचा मोठा संग्रह संगणकीय स्वरूपात विनामूल्य उपलब्ध करून दिला आहे. शब्द टंकित करावा, आणि तो ज्या ज्या अध्यायात आला असेल ते सर्व श्लोक क्षणात समोर यावेत, अशी ती सोय आहे. जामनगर येथून चालणारी चरकसंहितेची नवी इंग्रजी आवृत्तीही महाजालावर पूर्णपणे खुली आहे. तीत मूळ श्लोक, भाषांतर व विवेचन एकत्र मिळते. याच हैदराबादच्या संस्थेच्या सहकार्याने जुलै २०२१ मध्ये हस्तलिखितांची माहिती देणारे ‘अमर’ आणि आयुर्वेदाच्या ऐतिहासिक खुणा, शिलालेख, शिल्पे इत्यादी दाखविणारे ‘साही’ ही संकेतस्थळे सुरू झाली. यांपैकी दुसरे मी प्रथम उघडले ते केवळ कुतूहलाने, आणि रात्रीचे जेवण थंड झाले तरी बंद केले नाही, असे घरातून सांगितले जाते.

या संग्रहांचा एक अनपेक्षित उपयोग सांगतो. चरकाचार्यांच्या नावावर खपविले जाणारे श्लोक समाजमाध्यमांतून सतत फिरत असतात. अलीकडे प्रश्न विचारताच उत्तर रचून देणारी यंत्रेही आली आहेत; ती अध्याय व श्लोकक्रमांकासह अत्यंत ठामपणे असा संदर्भ देतात की वाचणाऱ्याने हात जोडावेत. मी तो संदर्भ मूळ पाठात शोधतो. कित्येकदा तेथे भलताच विषय निघतो, कधी त्या अध्यायात तितके श्लोकच नसतात. आपल्या तरुण सहकाऱ्यांना ही एक सवय लागली तरी पुष्कळ अपकीर्ती टळेल.

जाता जाता नामसाधर्म्याचा एक घोटाळाही नोंदवितो. ‘ई-चरक’ या नावाने एक संहितेचे संकेतस्थळ आहे आणि त्याच नावाने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने वनस्पतींच्या खरेदी-विक्रीसाठी उघडलेली एक संगणकीय पेठही आहे. आमच्या एका औषधनिर्मात्या मित्राने अश्वगंधेचा भाव पाहण्यासाठी पहिले उघडले आणि रसायनपाद वाचून परत आला. नुकसान काही झाले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. महाजालाशी आपला काय संबंध, असे म्हणणारे काही ज्येष्ठ वैद्य आजही आपल्यात आहेत. त्यांच्याविषयी आदर राखून मी त्यांना हळदीची हकीकत आठवून देतो. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर या ‘शोधा’बद्दल पेटंट मिळाले. आपल्या आजीबाईंना जे ठाऊक होते ते तेथील पेटंट कार्यालयाला ठाऊक नव्हते, कारण ते त्यांच्या शोधात सापडेल अशा रीतीने कोठे नोंदलेले नव्हते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुरावा म्हणून सादर केले तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. कडुनिंबाच्या बाबतीत युरोपातील लढा याहून लांबला. तेथील पेटंट २००० साली रद्द ठरले आणि त्यावरील अपील २००५ मध्ये फेटाळले गेले. या अनुभवातून २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या संगणकीय ग्रंथालयाचे काम हाती घेण्यात आले. आपल्या संहितांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत, पेटंट तपासनिसाला समजेल अशा वर्गीकरणासह त्यात मांडले गेले, आणि २००९ पासून युरोपीय पेटंट कार्यालयाला ते पाहण्याची मुभा मिळाली. हे काम वैद्य आणि संगणकतज्ज्ञ शेजारी बसले म्हणून झाले. वैद्य बाहेर ओसरीवर बसून राहिला असता तर झाले नसते.

वनस्पतींच्या ओळखीबाबत मात्र मला अधिक विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण येथे रुग्णाच्या जिवाशी गाठ आहे. करोनाच्या साथीत गुळवेलीला जे दिवस आले ते आपण सर्वांनी पाहिले. ज्याच्या त्याच्या कुंपणावर जी वेल चढलेली दिसेल ती गुळवेल ठरली. २०२१ साली मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेलीच्या सेवनानंतर त्यांच्या यकृतास इजा झाल्याचे त्यांचे म्हणणे होते. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याची तपासणीच झालेली नाही, आणि गुळवेलीसारखीच दिसणारी तिच्याच कुळातील दुसरी वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा, घेतली गेली असण्याची शक्यता आहे. त्या वेलीचे खोड करडे व गाठीगाठींचे असते, त्यातून दुधासारखा स्राव येतो. आपल्या गुळवेलीच्या खोडावर तशा गाठी नसतात. कोणाचे बरोबर या वादात मी येथे शिरत नाही. मला त्यातील एक गोष्ट बोचली. ‘वनस्पती कोणती होती?’ हा प्रश्न साथ भरात असताना आपण आपल्या रुग्णांना विचारला होता का? मी तरी विचारला नव्हता.

त्यानंतर मी ‘फ्लॉवर्स ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ नियमाने पाहू लागलो. त्यात वनस्पतींची छायाचित्रे असून पुष्कळांची मराठी नावेही दिलेली आहेत. ‘ई-फ्लोरा ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ येथे तर आपण काढलेले छायाचित्र पाठविले असता जाणकार मंडळी ओळख पटवून देतात, आणि परस्परांशी वादही घालतात. तो वाद वाचण्यासारखा असतो. मात्र एक अट. छायाचित्र फुलाचे, पानाच्या दोन्ही बाजूंचे, खोडाचे आणि शक्य तर फळाचे असावे. नुसत्या पानावर कोणी शहाणा माणूस निर्णय देत नाही. गावातील एका वृद्ध मेंढपाळाला मी संगणकावर गुळवेलीचे चित्र दाखविले, तेव्हा तो बराच वेळ पाहून म्हणाला, "पान तर तसंच दिसतंय, पण खोड कुठं दाखविलंय?" वनौषधींचे नाव व रूप गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांजकडून जाणून घ्यावे, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे, आणि केवळ नावरूप कळल्याने औषधाचा योग कळला असे होत नाही, हेही तेथेच सांगितले आहे. आजच्या संकेतस्थळांना मी त्या मेंढपाळाच्या शेजारी बसवितो.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी होती. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घेण्याची सूचना प्रसिद्ध केली होती. तीच मी सोप्या मराठीत लिहून, पित्तप्रकृतीच्या माणसाने मिरे व सुंठ कमी करावी अशी पुस्ती जोडून, गावातील व्हॉट्सॲप समूहावर टाकली आणि खाली माझे नाव लिहिले. समाजकार्य केल्याचे समाधान वाटले. वैशाखात एके दिवशी जवळच्या वस्तीवरील पन्नाशीचे एक शेतकरी नाकातून रक्त येते म्हणून आले. तोंड आले होते, डोळे लाल, छातीत जळजळ. प्रथम रक्तदाब मोजला, तो ठीक होता. आहाराची चौकशी केली तेव्हा कळले की वीस-बावीस दिवस ते दिवसातून पाच वेळा काढा घेत आहेत, आणि बाहेर ऊन असे की कावळाही झाडाबाहेर येत नव्हता. कोणी सांगितले, असे मी जरा आवाज चढवून विचारले. त्यांनी भ्रमणध्वनी काढला. निरोपातील मनुका गेल्या होत्या, मिऱ्यांचे प्रमाण तिप्पट झाले होते, ‘दोनदा’चे ‘पाच वेळा’ झाले होते, पित्तप्रकृतीची पुस्ती गळाली होती, आणि ‘करोना जवळसुद्धा येणार नाही’ हे वाक्य नव्याने आले होते. खाली माझे नाव तसेच होते. "तुमचंच नाव हाय की खाली," ते म्हणाले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

काढा बंद केला, दूर्वांचा स्वरस नाकात घातला, आवळा व दूधसाखर दिली. चार-पाच दिवसांत ते बरे झाले. मी मात्र पुष्कळ दिवस विचार करीत होतो. निरोप कोणी बदलला हे कधीच कळले नाही, आणि बदलणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट नव्हते. परंतु प्रकृती, काळ, मात्रा व वय पाहून जे द्यायचे ते एकाच मजकुरात सर्वांना देता येते, अशी समजूत तर मीच करून घेतली होती. रुग्णापुढे बसल्यावर जी सावधगिरी मी कधीच सोडत नाही, ती भ्रमणध्वनी हाती घेताच कशी सुटली?

तेव्हापासून मी औषधाचे प्रमाण सार्वजनिक समूहावर लिहीत नाही. ऋतुचर्या, पथ्य, कोणत्या लक्षणांत थांबू नये व त्वरित रुग्णालयात जावे, एवढेच सांगतो. तेही तारीख घालून, स्वतःच्या आवाजात. आवाजातील शब्द कोणाला सहज खोडता येत नाहीत. आता आवाजाचीही नक्कल यंत्राकडून करवून घेता येते, तेव्हा हाही उपाय किती दिवस पुरेल कोण जाणे. ओळखीच्या रुग्णांना दूरध्वनीवर सल्ला द्यावा लागला तर २०२० साली आपल्या तत्कालीन केंद्रीय परिषदेने दूरस्थ वैद्यकसेवेची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली ती एकदा तरी वाचून ठेवावीत, अशी विनंती. आपल्यापैकी थोड्यांनीच ती वाचली आहेत असा माझा समज आहे. तो चुकीचा ठरल्यास आनंद होईल.

वैद्यांच्या आपसांतील समूहांविषयी माझे मत वेगळे आहे. तेथे मला पुष्कळ मिळाले. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत. जो ज्ञानी आहे, रागावत नाही, दुसऱ्याचे ऐकून घेतो, त्याच्याशी मोकळेपणाने करावयाची ती संधायसंभाषा; आणि जिंकण्यासाठी करावयाची ती विगृह्यसंभाषा. आपल्या समूहांत दुसरा प्रकार फार बोकाळला आहे. कोणी आमवाताच्या एका रुग्णाविषयी प्रामाणिक शंका विचारावी, तर पहिली दहा उत्तरे शुभप्रभातीची फुले, अकरावे एखाद्या औषधाची जाहिरात, आणि बारावे ‘हे तर प्रथम वर्षातच शिकवतात’ असे. मराठवाड्यातील आम्ही नऊ वैद्यांनी म्हणून एक लहान समूह केला. त्यात फुले नाहीत, जाहिरात नाही, रुग्णाचे नाव व चेहरा नाही, आणि जो उपाय सांगेल त्याने स्वतः तो किती रुग्णांत वापरला ते सांगायचे. या शेवटच्या नियमाने बोलणे निम्म्यावर आले. राहिलेले निम्मे फार मोलाचे आहे.

औषधनिर्मात्या मित्रांना दोन गोष्टी स्पष्टपणे सांगाव्याशा वाटतात, त्यांनी राग मानू नये. औषधे व जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा १९५४ चा आहे. मधुमेह, पक्षाघात, अपस्मार, मोतीबिंदू आदी विकार बरे करण्याची जाहिरात त्यात निषिद्ध आहे. समाजमाध्यमावरील मजकूर म्हणजे जाहिरात नव्हे, अशी समजूत मी एका बैठकीत मोठ्या आत्मविश्वासाने मांडलेली ऐकली. त्या कायद्यातील जाहिरातीची व्याख्या काढून पाहावी. सूचना, परिपत्रक, वेष्टन यांच्या जोडीने प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही तीत आहे. सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी धूरसुद्धा सोडला नाही, त्यांच्या तावडीतून प्रकाश व ध्वनी यांचाच बनलेला भ्रमणध्वनी सुटेल असे मला वाटत नाही. आयुष मंत्रालयाने मे २०२५ मध्ये ‘आयुष सुरक्षा’ हे संकेतस्थळ सुरू केले असून दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व औषधांचे दुष्परिणाम यांची तक्रार सामान्य नागरिकही तेथे नोंदवू शकतो. आपणही नोंदवू शकतो. आपल्याच व्यवसायातील मंडळींविरुद्ध नोंदवावी लागेल म्हणून आपण ती टाळतो, हे मला योग्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक जुनी. २००८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात महाजालावरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे २१ टक्के उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, आणि अमेरिकेत तयार झालेला माल व भारतात तयार झालेला माल यांत फारसा फरक नव्हता. त्यावर आपण शोधन-मारणाचे उत्तर दिले. रसकल्पांपुरते ते उत्तर मांडता येते. परंतु ज्यांत धातूचा संबंधच नाही अशा केवळ वनस्पतिजन्य उत्पादनांतही शिसे निघाले, त्याचे उत्तर शोधन-मारण हे नव्हे. आपला माल दुकानाच्या फळीवर असतो तेव्हा ग्राहक दुकानदाराचा चेहरा पाहून घेतो. संगणकाच्या पडद्यावर चेहरा नसतो. तेथे परवाना क्रमांक, घाणाक्रमांक आणि त्या घाण्याचा तपासणी अहवाल हाच चेहरा. २०१९ पासून परवान्यांसाठी ‘ई-औषधी’ हे शासकीय संकेतस्थळ आहे. माझी मागणी याहून साधी आहे : प्रत्येक निर्मात्याने आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक घाण्याचा अहवाल ठेवावा. खर्च येईल. जाहिरातीच्या चित्रफितीवर होतो त्याहून कमी येईल.

इतके गंभीर लिहिल्यावर करमणुकीकडे वळण्यास हरकत नसावी, कारण महाजालावर मी केवळ विद्याव्यासंगासाठी जातो असे म्हणणे खोटे ठरेल. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे मंडळाचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. शहरात शिकून आलेल्या तरुण वैद्याला रुग्णाने ‘उसण भरली’ किंवा ‘नळ फुगले’ म्हटले की पंचाईत होते. तो तेथे पाहू शकतो. मी मात्र एक शब्द पाहण्यास जातो व पंचवीस पाहून येतो. आकाशवाणीच्या अनेक केंद्रांचे कार्यक्रम आता भ्रमणध्वनीवर लागतात, जुनी नाट्यपदे यूट्यूबवर सापडतात. दवाखाना बंद केल्यावर अर्धा तास ती ऐकणे हे माझे सद्वृत्त आहे. गूगल अर्थवर येलदरी जलाशयाचे कोरड्या वर्षाचे व भरल्या वर्षाचे चित्र एकापाठोपाठ एक पाहावे. जिंतूर तालुक्यातील माणसाला त्याहून नाट्यपूर्ण दृश्य चित्रपटात मिळणार नाही.

आणि समाजमाध्यमांनी काय चांगले घडते याचे उदाहरण मला घराजवळच मिळाले. चारठाण्याची यादवकालीन मंदिरे आणि उंच मानस्तंभ आम्ही लहानपणापासून पाहत आलो. पाहत आलो म्हणजे त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेने समाजमाध्यमांतून गावोगावच्या बारवांची छायाचित्रे व स्थाने गोळा केली, लोकांना नकाशावर नोंद करण्यास सांगितले, आणि पुष्कळ ठिकाणी तरुण मंडळी फावडी घेऊन गाळ उपसण्यास उतरली. आमच्याच जिल्ह्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव मी प्रथम भ्रमणध्वनीवर पाहिली, आणि मग एका रविवारी लाज वाटून प्रत्यक्ष पाहून आलो. बारवेची नोंद जर अशी होऊ शकते, तर तालुक्यातील औषधी वनस्पतींची का होऊ नये? कोणत्या शिवारात खरी गुळवेल आहे, कोठे शतावरी उरली आहे, कोठला अर्जुन गेल्या वर्षी तोडला गेला, हे नकाशावर मांडण्यास भांडवल लागत नाही. मात्र दुर्मिळ वनस्पतीचे नेमके ठिकाण उघड करू नये, नाहीतर खुदाई करणारे आपल्या आधी पोहोचतील.

यासाठी आपल्या संघटनेपुढे एक प्रस्ताव ठेवतो. प्रत्येक तालुक्यातून एक ज्येष्ठ व एक तरुण वैद्य अशी जोडी निवडावी. त्यांनी वर्षभर उपयोगी संकेतस्थळे स्वतः वापरून पाहावीत, आणि त्यांची यादी, बंद पडलेली वगळून, या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकात अर्धे पान छापावी. त्याच अर्ध्या पानात त्या तिमाहीत फिरलेल्या एका चुकीच्या निरोपाची शास्त्राधारासह तपासणी असावी. दवाखान्यात तो कागद भिंतीवर लावता येईल. रुग्णाने भ्रमणध्वनी पुढे केला की आपण भिंतीकडे बोट दाखवू शकू. जिंतूर तालुक्याच्या जोडीतील ज्येष्ठाची जागा घेण्यास मी तयार आहे. पहिल्या तपासणीसाठी माझ्या नावाचा तो पाच वेळा घ्यावयाचा काढा मी जपून ठेवला आहे.